लांब थांबा आणि माझी भुजली

मेलबर्नहून परत आल्यापासून सिहोऱ्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "कांगारू पाह्यला का, बाई?" पाहिला. मागच्या दोन पायांवर बसून तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच पिंजऱ्यातून सुटून आलेय. तुमचंही समाधान झालं असेल तर कांगारू इथेच सोडते, कारण या प्रवासात माझे डोळे दिपले ते मेलबर्नला नाही, वाटेत. ज्या गावात विमान बदलायचं असतं आणि शहाणी माणसं खुर्चीत बसून डुलक्या काढतात, त्या गावात.

सिहोरा

निखिल माझा मुलगा. त्याला मुलगी झाली, ती बसायला लागली, तेव्हा नातीला बघायला मी जायचं ठरलं. आमचे हे यायला तयार नव्हते. "रोवणी अर्धी राह्यली, धानाले सोडून कुठी जाऊ? तू जा, मी घर पाहतो," म्हणाले. घर म्हणजे त्यांच्या लेखी बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं पाणी. तेव्हा मी एकटी.

निखिलने फोनवरून तिकिटं दाखवायला सुरुवात केली. मुंबईहून सिंगापूर, तिथे विमान बदलून मेलबर्न. एकात तासाभराचा थांबा, एकात अडीच तासांचा. मी म्हटलं, "सकाळी पोचून रात्री निघायचं असं नाही का?"

"आई, सारी दुनिया कमी थांब्याचं तिकीट शोधते अन् तुले दिवसभर बसायचं आहे. काहून?"

"सिंगापूरले माझी भुजली राहते."

त्याने लगेच दिवसभराच्या थांब्याचं तिकीट काढलं. आमच्या झाडीपट्टीत एवढं पुरतं. बाहेरच्या वाचकांसाठी मात्र सांगायला हवं.

श्रावणात आमच्याकडे बांबूच्या टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि अंधारात ठेवतात. उजेड न लागल्याने रोपं पिवळीधमक येतात. त्यांना भुजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन बायका गाणी म्हणत नदीवर जातात, माती पाण्यात सोडतात आणि रोपं धुऊन घरी आणतात. थोरांना ती देऊन पाया पडायचं. आणि ज्या दोन मुलींना जन्माची मैत्री बांधायची असेल, त्यांनी एकमेकींच्या कानावर रोपं खोवायची. त्या क्षणापासून त्या एकमेकींच्या भुजली. सख्ख्या बहिणीपेक्षा हे नातं जवळचं. एकीच्या घरी सुतक आलं तर दुसरी पाळते. आणि त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं तर जिचं घेतलं तिचं आयुष्य उणावतं.

माझं माहेर कारध्याचं, घरची धानाची शेती. तिचं घर वैनगंगेच्या काठाला, मासे धरणाऱ्यांचं. शाळेत आम्ही एका तरटावर बसायचो. एका श्रावणात नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून तिने माझ्या कानावर रोप खोवलं आणि मी तिच्या. तेव्हापासून तिचं नाव माझ्या तोंडी आलेलं नाही. पुढे मी सिहोऱ्याच्या शाळेत मास्तरीण झाले, तर वर्गात नेमकी तिच्याच नावाची एक मुलगी आली. चार वर्षं त्या पोरीला मी 'बाळ' म्हणून हाक मारली आणि हजेरी नंबराने घेतली. ती अजून समजते की मी तिचे फार लाड करायचे. म्हणून माझ्या मैत्रिणीचं नाव इथेही लिहिणार नाही, समजून घ्या.

तिचा नवरा वारला, एकुलती लेक वर्षा नोकरीला सिंगापूरला गेली आणि आईलाही घेऊन गेली. दरवर्षी भुजलीला आम्ही कारध्याला भेटायचो, ते थांबलं. मागच्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी विमानप्रवासच बंद केला. म्हणजे ती काही आता वैनगंगेवर येणार नव्हती. मी गेले तरच भेट, आणि केवळ तिच्यासाठी परदेशी जाण्याइतकं आमचं घर मोठं नाही. वाटेत ती होती, हेच माझं नशीब.

आता यातली मेख. निखिलने ती समजावली, तेव्हा मी तोंडाचा आ वासला. म्हणाला, "विमानतळाच्या आत बसून राहिलीस तर व्हिसा लागत नाही, कारण कागदोपत्री तू त्या देशात आलीच नाहीस. दारातून बाहेर पाय टाकलास की आलीस."

"म्हणजे मी तिथं उभी असेन, तिथला चहा पिईन, अन् तरी मी तिथं नसेन?"

"हो."

"मग कुठी असेन?"

"कुठंच नाही, आई."

आयुष्यभर भूगोल शिकवला, पण ही जागा नकाशात कधी दाखवली नव्हती. प्रत्येक देशाचं निराळं म्हणे. कुठे नुसतं बाकावर बसायलाही परवाना लागतो, तर कुठे दुसऱ्याच एखाद्या देशाचा व्हिसा दाखवला की आत घेतात. सिंगापुरात, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल, तर वेगळा व्हिसा न काढता काही दिवस बाहेर पडता येतं. एकाच्या घरचं बोलावणं दाखवून दुसऱ्याच्या अंगणात बसायची ही सोय मला फारच थोर वाटली. तिकीट एकच असल्याने मोठी बॅगही परस्पर मेलबर्नला जाणार होती. "पण शेवटी सोडायचं की नाही, ते काउंटरवरचं माणूस ठरवतं," निखिल म्हणाला. हे वाक्य मी कानाआड केलं.

काउंटरच्या अलीकडे

मुंबईपर्यंतचं आणि विमानातलं सांगण्यासारखं काही नाही. खिडकी मिळाली, एवढं पुरे. उजाडताना खाली समुद्र दिसला आणि त्यावर जहाजं. एक नाही, दोन नाही, तलावावर पाणकोंबड्या पसराव्यात तशी नजर जाईल तिथवर. आमच्याकडे दोन डोंगे समोरासमोर आले तरी नावाडी ओरडाआरडा करतात. इथे एवढी जहाजं चुपचाप उभी होती. मी काचेला नाक लावून बसले.

विमानतळावर गालिचा इतका जाड, की चपलेचा आवाजच होईना. आत झाडं, खरी झाडं. मी पान चुरगाळून खात्री केली आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून पुढे सटकले.

काउंटरवर एक तरुण अधिकारी होता. पासपोर्ट पाहून त्याने विचारलं, "ऑस्ट्रेलियाचा व्हिसा?" तो व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत, त्याचा कागद येतो. कागद काढायला मी पिशवीत हात घातला, तर तो तिथे नव्हताच. आमच्याकडे महत्त्वाचा कागद पेटीच्या तळाला, चांगल्या लुगड्याच्या घडीत ठेवतात. माझ्या आईने जमिनीचे कागद तिथेच ठेवले आणि मीही त्याच इमानाने व्हिसा पैठणीच्या घडीत, मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवला होता. आणि पैठणी निघाली होती मेलबर्नला!

निखिलने तो फोनवरही पाठवला होता, तेव्हा लाज वाटली तरी फोन काढला. गुलाबाच्या फुलांच्या आणि सुप्रभातच्या ढिगाऱ्याखालून कागद सापडेपर्यंत मागे रांग वाढत गेली. तो सापडला, त्या तरुण अधिकाऱ्याने वाचला, मान डोलावली. मी सुटकेचा श्वास सोडला तोच त्याने विचारलं, "बाहेर कशासाठी जायचंय?"

"मैत्रिणीला भेटायला."

"तुम्ही भरलेल्या अर्जात नाव वर्षाचं आहे. ही मैत्रीण?"

"नाही. ती मैत्रिणीची मुलगी."

"मग मैत्रिणीचं नाव?"

एवढा साधा प्रश्न. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. तिचं हृदय आधीच अर्धंमुर्धं चाललेलं, आणि मी तिचं नाव घेऊ? तिला भेटण्यासाठी तिचंच आयुष्य खर्चू?

त्याने कागद-पेन पुढे सरकवलं. "लिहून द्या." हजारो मुलांची नावं लिहिलेला माझा हात, पण पेनाचं टोपणसुद्धा निघेना. मैत्रिणीला भेटायचंय आणि मैत्रिणीचं नाव सांगत नाही, अशा बाईवर मी तरी विश्वास ठेवला नसता. त्याने मला अतिशय अदबीने बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं.

तिथे एक वयस्क बाई आल्या. गणवेश कडक, केसांचा घट्ट अंबाडा, चेहऱ्यावर काही उमटू न देणाऱ्या. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांना सगळं सांगितलं. नदी, गहू, कान. ऐकताना मलाच ते खोटं वाटायला लागलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "ती बाहेर आली आहे? नंबर द्या."

फोन लावला आणि आवाज खोलीभर ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला. वर्षा गाडी लावायला गेली असावी, कारण उचलला तो भुजलीने. इतक्या जवळून तिचा आवाज! मी काही बोलणार, तर बाईंनी बोट ओठावर ठेवलं.

"तुम्ही कोणाला न्यायला आलात?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

भुजली चार वर्षांत बाजारापुरतं इंग्रजी शिकली होती. "माय भुजली," ती म्हणाली. "कम फ्रॉम इंडिया."

"तिचं नाव?"

"नो."

"नाव माहीत नाही?"

"माहीत... येस. बट नो से."

"का?"

"आय से, शी डाय," भुजली ठणकावून म्हणाली, आणि मग आमच्या बोलीत कोणाला तरी उद्देशून, "हे बाई काहून पाठी लागली माह्या? मी का माह्या भुजलीले मारू?"

त्या बाईंनी फोन ठेवला. मी कोणत्याही क्षणी रडणार होते. भिंतीच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या, एकमेकींना भेटायला आलेल्या आणि एकमेकींचं नाव सांगायला दोघीही तयार नाहीत. मला वाटलं, आता दोघींनाही धरणार.

"माझी आई माझ्या वडिलांचं नाव घ्यायची नाही," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात मला सांगावं लागायचं." मग पासपोर्ट माझ्या हातात दिला. "रात्रीचं विमान चुकवू नका."

कानाआड केलेलं निखिलचं वाक्य आत्ता आठवलं. तो म्हणाला होता, शेवटी काउंटरवरचं माणूस ठरवतं. खरंच माणसानेच ठरवलं.

काउंटरच्या पलीकडे

दार आपोआप सरकलं आणि समोर ती. वाळली होती. गालांची हाडं वर आलेली, पण साडी पोपटी आणि नजर तीच, नदीत जाळं टाकतानाची. आम्ही दोघींनी रडूनच घेतलं आधी. वर्षा मोबाईल घेऊन आमचा फोटो काढत राहिली आणि तीही रडत होती, म्हणून एकही फोटो धड आला नाही.

वर्षाचं घर तेराव्या मजल्यावर. गच्चीतून पाहिलं तर खाली झाडंच झाडं आणि मधून उंच इमारती. रस्त्यावर एक पान पडलेलं नाही. मी खरंच दोन्ही हात जोडले. कोणाला, ते सांगता येणार नाही.

"चल, तुले काही दाखवतो," भुजली म्हणाली. तिथल्या घरांत एक लहानशी खोली असते, जाड भिंतींची, लोखंडी दाराची. खिडकी नाही. युद्ध झालं तर लपायला म्हणून सरकारनेच बांधलेली. लोक तिच्यात सुटकेस ठेवतात. भुजलीने दोन्ही हातांनी ते दार ओढलं आणि दिवा लावला. आत, प्लास्टिकच्या टोपल्यात, पिवळीधमक भुजली. कारध्याच्या घरात आईच्या पलंगाखाली यायची तशीच, वीतभर. बॉम्बपासून वाचायला केलेल्या खोलीत हिने गहू उगवला होता. मी दारातच खाली बसले.

जेवायला तिने मासे केले होते, आपल्या पद्धतीने, लसूण आणि मिरचीत. "समुद्राची मासोळी दिसाले मोठी, पण चव नाई वं," ती म्हणाली. "वैनगंगेचं पाणीच गोड." मी हातपिशवीतून लाखोळीची डाळ काढून दिली. मेलबर्नला असलं काही नेऊ देत नाहीत, म्हणून ती सगळी तिचीच होती. तिने पिशवीत नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

दुपारी वर्षाने आम्हाला समुद्रावर नेलं. सकाळी वरून पाहिलेली ती जहाजं आता समोर होती, एकेक आमच्या सिहोऱ्याएवढं. पाण्यात काही टाकलं की तिथे दंड होतो, तेव्हा माती घरीच ठेवली होती. रोपं मात्र ओंजळीत घेऊन आम्ही गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो आणि ती लाटेत भिजवली. तिने माझ्या कानावर खोवलं, मी तिच्या. फिरायला आलेली माणसं थांबून पाहत होती. दोन म्हाताऱ्यांच्या कानात गवत! आणि मला, लाजेऐवजी, एवढं मोठं काहीतरी वाटत होतं की छातीत मावेना.

वाळूवर बसल्यावर ती म्हणाली, "एक मागू?"

"माग ना."

"इथं माह्यं नाव कोणीच घेत नाई वं. पोरगी आई म्हणते, नातू आजी म्हणते, शेजारीण आंटी म्हणते. नर्स तं नंबरच वाचते. नाव घेणारे सारे वर गेले. मलेच कधी कधी आठवाव लागते." तिने माझा हात धरला. "तू एक डाव घे. तुह्या तोंडून आयकून पाहू दे."

"पागल झाली का?"

"मरन तं येनारच आहे."

"माह्या तोंडून नाई येनार," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला. फारच तोडून बोलले. ती हसली, पण मग समुद्राकडेच पाहत राहिली. संध्याकाळी विमानतळावर सोडताना तिने पुन्हा तो विषय काढला नाही. दार सरकलं, मी आत गेले, आणि त्या देशातून बाहेर पडले.

मेलबर्न

नात गोड आहे, निखिलवर गेली आहे. थंडी कडाक्याची होती. पण मी मनातून सिंगापूरलाच होते. परतीलाही असाच दिवसभराचा थांबा होता आणि मी रोज ठरवत होते की भेटल्यावर तिला काय सांगायचं. नाव घेणार नव्हतेच, पण एवढं तोडून बोलल्याबद्दल काही तरी.

निघायच्या आठवड्यात विमान कंपनीने वेळा बदलल्या. थांबा दोन तासांवर आला. निखिल म्हणाला, "आई, बाहेर जाऊन परत आत येईपर्यंत विमान जाईल. आतच बस." मी तोंडावर पदर घेतला. नातीला वाटलं, आजी लपाछपी खेळते.

वर्षाला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, रडू नका. तुमी आतच राहा, पण मी सांगतो त्या गाडीत बसा."

पुन्हा सिंगापूर

त्या विमानतळाला लागून काचेचा एक प्रचंड घुमट आहे. तो विमानतळाच्या बाहेर, म्हणजे देशाच्या आत. घुमटाच्या माथ्यावरून मधोमध धबधबा कोसळतो आणि भोवताली मजल्यामजल्यांनी जंगल. आणि विमानतळाच्या एका इमारतीतून दुसरीत जाणारी, चालक नसलेली छोटी आगगाडी त्याच घुमटाच्या पोटातून जाते. आतल्या प्रवाशांचा डबा वेगळा, बंद काचेचा. म्हणजे मी धबधब्याजवळून जाणार, पण त्या देशात शिरणार नाही.

गाडी हलली. बोगद्यासारखा अंधार, आणि एकदम उजेड. डोळ्यांसमोर आभाळातून पाण्याचा खांब पडत होता. पावसाळ्यात धरणाची दारं उघडली की वैनगंगा जशी गर्जते, तेवढं पाणी, आणि आवाज शून्य. काच जाड होती. आणि गाडीच्याच उंचीवरच्या एका सज्ज्यात, हिरव्या झाडांपुढे, पोपटी साडी.

मी उभी राहिले. तिने मला पाहिलं, हात वर केला, आणि गाडी पुढे निघून गेली.

पलीकडे उतरले आणि लगेच परतीच्या गाडीत चढले. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड, पुन्हा ती. या वेळी दोघी हसत होतो. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. डब्यातल्या एका गोऱ्या माणसाने मला वाट चुकलेली समजून नकाशा दाखवला.

शेवटच्या फेरीला मी काचेला चिकटूनच उभी होते. निखिलचं बोलणं आठवलं. इथे उभी असून मी इथे नाही. या देशात नाही, माझ्या देशात नाही, कुठंच नाही. मग इथे उच्चारलेलं काही कोणाच्या आयुष्यातून उणं तरी कसं होईल? उजेड आला, पाणी आलं, पोपटी साडी आली. मी दोन्ही हात काचेला लावले आणि तिचं नाव घेतलं. मोठ्याने, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, हजेरी घ्यावी तसं. डब्यातले लोक वळून पाहायला लागले.

तिचा वर केलेला हात तसाच राहिला. मग अंधार आला.

नागपूरला उतरून आधी फोन लावला. घंटी वाजत राहिली, आणि मग तिनेच उचलला.

"पोचली का वं?"

"पोचली. तुही तब्येत?"

"टनाटन आहे. गाडीतून काहीतरी बोलली तू."

"आयकू आलं का?"

"नाई आलं. काच होती ना मधात," भुजली म्हणाली. "पन मी हजर म्हटलं."